आखाती बाजारातली आपली केळी : बंदर जवळ, तरी बॉक्सला भाव कमी का?

जगात सगळ्यात जास्त केळी भारतात पिकते. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे ३५३ लाख टन उत्पादन झालं, म्हणजे जगाच्या एकूण उत्पादनातला पाव हिस्सा आणि वर थोडं. त्याच वर्षी निर्यात झाली ती साधारण ३.६ लाख टन, किंमत १७ कोटी ६० लाख डॉलर. शंभर घड कापले तर परदेशात गेला जेमतेम एक.

हा माल मुख्यतः आखाती देशांत जातो : इराण, इराक, संयुक्त अरब अमिराती, ओमान, सौदी अरेबिया. सोलापूर जिल्ह्यात करमाळा आणि माढा तालुक्यांतला कंदर-टेंभुर्णीचा पट्टा, तर जळगावात रावेर, यावल हे तालुके या बाजारावर नजर ठेवून असतात. तिकडची मागणी हलली की इथला बांधावरचा रेट हलतो.

जवळ असण्याचा फायदा

न्हावाशेवा बंदरातून निघालेला कंटेनर साधारण आठवड्याच्या आत दुबईला पोचतो. फिलिपिन्सच्या मालाला दोन-तीन आठवडे लागतात, इक्वेडोरच्या मालाला महिना किंवा त्याहून जास्त. कच्ची केळी रीफर कंटेनरमध्ये १३ ते १४ अंश तापमानात ठेवावी लागते. थंडी जास्त झाली तर साल काळपट पडते, कमी झाली तर माल वाटेतच पिकायला लागतो. प्रवास जितका लांब तितकी जोखीम आणि भाडं जास्त. इथे भारताची बाजू भक्कम आहे.

समोर कोण आहे?

इक्वेडोर हा जगातला सगळ्यात मोठा केळी निर्यातदार. वर्षाला ६० लाख टनांहून जास्त केळी तो देश बाहेर पाठवतो. तिथली बाग लावली जाते तीच निर्यातीसाठी. मोठ्या बागांमध्ये घड तारेवर टांगून पॅकहाऊसपर्यंत नेतात, तो जमिनीला टेकत नाही. फिलिपिन्सचा मिंडानाओ बेट हा दुसरा मोठा पट्टा, पण पनामा मर रोगाच्या 'टीआर-४' प्रकाराने तिथल्या बागांचं मोठं नुकसान केलं आहे. त्यामुळे बाजारात जागा मोकळी होते हे खरं, पण हाच रोग बिहारच्या कटिहार भागातही आढळला आहे. बाहेरच्या बागेतली कंदं किंवा माती आणणं म्हणूनच धोक्याचं. खात्रीच्या लॅबमधली टिश्यूकल्चर रोपं घेणं हा त्यावरचा पहिला उपाय.

भाव पडतो कुठे?

भारतीय बॉक्स बहुतेक वेळा इक्वेडोर-फिलिपिन्सच्या बॉक्सपेक्षा कमी दराने विकला जातो. वाण तर सगळीकडे एकाच कॅव्हेंडिश गटातले, आपल्याकडे त्यातली जी-नाइन म्हणजे ग्रँड नैन. फरक पडतो एकसारखेपणात.

एका ४० फुटी कंटेनरमध्ये साधारण २० टन माल बसतो. आपल्याकडे शेती लहान, त्यामुळे तो भरायला बऱ्याचदा अनेक शेतकऱ्यांचा माल एकत्र करावा लागतो. एकाची केळी ७५ टक्के भरलेली, दुसऱ्याची ८५ टक्के. दुबईत हा माल रायपनिंग चेंबरमध्ये जातो तेव्हा सगळ्या बॉक्सला एकाच वेळी गॅस दिला जातो. मग काही फण्या पिवळ्या होतात, काही हिरव्याच राहतात. व्यापारी निवडत बसत नाही, सगळ्या लॉटचा दर खाली आणतो. एका शेतातल्या घाईच्या कापणीचा फटका दुसऱ्याच्या चांगल्या मालालाही बसतो.

दुसरा मुद्दा सातत्याचा. परदेशी खरेदीदाराला दर आठवड्याला ठरलेला माल हवा असतो. आपल्याकडे स्थानिक रेट चढला की माल दिल्ली-पंजाबच्या गाडीत जातो आणि कंटेनर रिकामा राहतो. शेतकऱ्याने दोन पैसे जास्त मिळतील तिकडे जाणं चूक नाही, पण तिकडचा ग्राहक पुढच्या वेळी दुसऱ्या देशाकडे वळतो.

निर्यातीचा माल शेतातच तयार होतो

घड निसवल्यावर केळफूल वेळेत काढणं, घडावर आठ-नऊ फण्या ठेवून खालच्या काढून टाकणं, स्कर्टिंग बॅग घालणं, पानं घासू न देणं ही कामं दोन-तीन महिने आधीची असतात. कापणीच्या दिवशी घड खांद्यावर गादी ठेवून न्यायचा, फण्या सोडवून तुरटीच्या पाण्यात धुवायच्या म्हणजे चिकाचे डाग पडत नाहीत. मग वाळवून साधारण १३ किलोच्या बॉक्समध्ये भरणं आणि लगेच प्री-कूलिंग. घड एकदा जमिनीवर आपटला की तो डाग इथे दिसत नाही, केळी पिकल्यावर दुकानात दिसतो.

एकाच दिशेची भिस्त

आखातावर इतका भर असण्यात धोकाही आहे. इराणवरच्या निर्बंधांमुळे तिकडचे पैसे अडकण्याची भीती असते. होर्मुझच्या सामुद्रधुनीत तणाव वाढला की जहाजाचं भाडं आणि विमा वाढतो. म्हणून दुसऱ्या बाजारांचे प्रयत्न सुरू झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये बारामतीहून नेदरलँड्सला समुद्रमार्गे केळीचा चाचणी कंटेनर पाठवला गेला, तो डिसेंबरात रॉटरडॅमला पोचला. मात्र युरोपात कीडनाशकांच्या अंशांची तपासणी कडक असते. फवारणीची नोंदवही नसेल तर ते दार उघडत नाही.

सौदा करण्याआधी

- दर कोणत्या तारखेचा धरणार आणि वजन दांड्यासह की फक्त फण्यांचं, हे लिहून घ्या.
- निवडीत बाजूला पडलेला माल कोण उचलणार आणि कोणत्या दराने, हे आधी ठरवा. खरा तोटा इथेच होतो.
- कापणी, धुलाई आणि पॅकिंगची मजुरी कोणाकडे, हे स्पष्ट करा.
- काटा पावती हातात आल्याशिवाय गाडी सोडू नका. पैसे कधी मिळणार ती तारीख पावतीवरच लिहून घ्या.
- शेजारच्या पाच-सहा शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात लागवड केली तर एकसारख्या भरावाचा कंटेनर एकाच गावात भरतो आणि भाव ठरवताना गटाचा शब्द वजनदार होतो.