तुरुंगातील हिंसा : कारणे आणि उपाय

कैद्यांमधील मारामाऱ्या, कर्मचाऱ्यांकडून कैद्यांना होणारी मारहाण आणि कर्मचाऱ्यांवरील हल्ले हे सारे तुरुंगातील हिंसेत मोडते. टोळीयुद्धाच्या बातम्या जास्त गाजतात, पण ठिणगी पुष्कळदा किरकोळ गोष्टीवरून पडते. जून 2017 मध्ये मुंबईच्या भायखळा कारागृहात एका महिला कैद्याचा मृत्यू झाला. वाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरल्यावरून तिला मारहाण झाल्याचा आरोप आहे. कारागृहाच्या सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. या मृत्यूमुळे चिडून निदर्शने करणाऱ्या कैदी महिलांवरही दंगलीचा गुन्हा नोंदवला गेला. जून 2024 मध्ये कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात 1993 च्या बॉम्बस्फोट खटल्यातील एका कैद्याला इतर कैद्यांनी ठार केले. वाद आंघोळीवरून झाला होता.

अंडे, पाणी, झोपायला हातभर जागा या गोष्टी आत दुर्मीळ असतात. त्यामुळे त्यांचे वाटप ज्याच्या हाती, त्याची सत्ता चालते, मग तो कर्मचारी असो वा बरॅकमधला दादा. गर्दी वाढली की ही सत्ता वाढते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 अखेर देशातील तुरुंगांची क्षमता सुमारे 4.36 लाख, तर कैदी 5.73 लाख होते. त्यांतले चारपैकी तीन कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून सिद्ध न झालेले.

म्हणून पहिला उपाय तुरुंगाच्या भिंतीबाहेर, न्यायालयात आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार पूर्वी कधीही कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडायचे असते. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यांना ही सवलत नाही.

दुसरा उपाय म्हणजे तक्रार बाहेर पोहोचण्याची वाट. तिहारमधील सुनील बात्रा या कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना पत्र लिहिले आणि न्यायालयाने तेच याचिका मानले. 1979 च्या त्या निकालात तक्रारपेट्या ठेवण्याचे आणि न्यायाधीशांनी तुरुंगांना भेटी देण्याचे आदेश आहेत. नुसत्या कॅमेऱ्यांवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. मे 2023 मध्ये तिहारमध्ये झालेला एक खून कॅमेऱ्यांत टिपला गेला, पण थांबला नाही.

तिसरा मार्ग महाराष्ट्राला जुना आहे. औंध संस्थानाने 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत वसवली. तिथे कैदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) याच प्रयोगावर बेतलेला आहे. मात्र खुल्या कारागृहात चांगल्या वर्तणुकीचे, शिक्षा झालेले कैदीच पाठवले जातात. गर्दीतले बहुसंख्य कच्चे कैदी त्या वाटेवर येतच नाहीत.