टिळकांच्या मागे राहिलेले घर

काही वर्षांपूर्वी माझ्या एका कादंबरीचा नायक देशकार्यासाठी घर सोडून गेला. शेवटच्या प्रकरणात तो स्टेशनवर येतो, गाडीत बसतो, शिट्टी होते आणि पुस्तक संपते. मला तो शेवट फार आवडला होता. पुढे एका अनोळखी वाचक बाईंचे कार्ड आले. त्यात एकच ओळ होती : 'त्याच्या बायकोचे पुढे काय झाले?' मी त्या कार्डाला उत्तर दिले नाही. देण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी लिहायला बसलो की ते कार्ड आठवते. (लोकमान्य नव्हेत. वर्गात हे मला दर साली सांगावे लागते.) 'फुलामुलांचे कवी' म्हणून त्यांची ओळख पाठ्यपुस्तकातून होते, त्यापलीकडचे टिळक मला मास्तर झाल्यावर, म्हणजे फारच उशिरा भेटले. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले, त्यामुळे पंडितांच्या वादात मी पडत नाही. पण एक माणूस आपल्या श्रद्धेसाठी उठून जातो तेव्हा मागे चूल कोण पेटवतो, हा प्रश्न समजायला पदवी लागत नाही.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, कोकणातला. नोकरीच्या शोधात राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक गोरा प्रवासी भेटला. कवितेवरून बोलणे निघाले, ते धर्मावर गेले, आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. मत्तयाच्या पुस्तकातील डोंगरावरील प्रवचनाशी ते येऊन पोचले आणि तेथे अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा नाशिककडे, माहेरच्या माणसांत होत्या. पदरी लहान दत्तू. ही बातमी तेथे कशी कोसळली असेल ते सांगण्यासाठी त्यांचे माहेर कसे होते ते पाहिले पाहिजे.

जलालपूरच्या गोखल्यांची ही मुलगी. १८५७च्या धामधुमीत तिच्या आजोबांना, आईच्या वडिलांना, इंग्रजांनी फाशी दिले. त्या धक्क्याने तिच्या वडिलांच्या डोक्यात सोवळे शिरले. ते इतके की बाजारातून आणलेले मीठसुद्धा घरात धुऊन घेतले जाई! जेथे मिठालाही विटाळ होता तेथे वाढलेल्या बाईचा नवरा ख्रिस्ती झाला. त्याच्याकडे जावे तर माहेर तुटते. न जावे तर नवरा जिवंत असून घर नाही. या दोहोंच्या मध्ये सुमारे साडेचार-पाच वर्षे गेली. त्यांतला पुष्कळ काळ लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात काढला.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८६६ साली सरकारने एक कायदा केला होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्याच्या जोडीदाराने धर्मांतरापायी सहा महिने टाकले, तर त्याला कोर्टात जाता येई. कोर्ट विचारासाठी एक वर्षाची मुदत देई आणि मग लग्न मोडता येई. टिळकांच्या समोर हा रस्ता सरळ उघडा होता. त्यांनी तो धरला नाही. ते पत्रे लिहीत राहिले. आणि मौज अशी की ज्या बायकोला लग्नानंतर त्यांनीच अक्षरओळख करून दिली होती, ती या विरहात कविता करू लागली. धर्माच्या बाबतीत ती एक पाऊल हलत नव्हती. पण नवऱ्याला पद्यात सुनावण्याइतकी मात्र तयार झाली होती.

अखेर त्या नगरला आल्या. पण कशा? आपले सोवळे बरोबर घेऊन. ख्रिस्ती उपदेशकाच्या संसारात बायकोचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. आसपासच्या मंडळींना हे किती विचित्र दिसले असेल! जो माणूस चार लोकांपुढे जातिभेदावर बोलतो त्याच्याच घरी दोन चुली. टिळक तापट होते. खर्चाच्या बाबतीत तर त्यांना बाजारात पाठवणे म्हणजे पैशांवर पाणी सोडणे. पण या एका बाबतीत त्यांनी जो धीर धरला तो मला त्यांच्या सगळ्या प्रवचनांहून मोठा वाटतो. त्यांनी बायकोचा तांब्या विटाळला नाही.

आणि मग एके दिवशी लक्ष्मीबाईंच्याच मनात विचार आला की जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे. तो कुणाच्या व्याख्यानातून आला नाही. आपण कुणाच्याही हातचे खाऊ, असे त्यांनी ठरवले. सोवळे आधी गेले, धर्म नंतर बदलला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा क्रम मी मुलांना मुद्दाम सांगतो.

यानंतरचे नगरचे घर म्हणजे एक धर्मशाळाच होती. बालकवी ठोंबरे तेथे घरच्या मुलासारखे राहिले, आणि राहिले ते हिंदू म्हणूनच. टिळक अभंग रचीत, कीर्तन करीत, 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन करीत. तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. परक्या चालीवरची भाषांतरित गीते गाऊन हा धर्म या मातीत रुजणार नाही, हे त्यांना पुरते कळले होते.

म्हणूनच १९१७ साली, छप्पन्नाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे जागा होती. कल्पना उदात्त, यात शंका नाही. पण मी संसारी मास्तर आहे. पगार सोडण्याची वार्ता वाचली की माझे डोळे आधी डब्यांच्या फळीकडे जातात. तो दरबार मूळ धरण्याआधीच, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. 'ख्रिस्तायना'चे सुरुवातीचे थोडे अध्यायच त्यांच्या हातून झाले होते. उरलेले मोठे काम लक्ष्मीबाईंनी केले.

त्यांनी आणखीही एक केले. १९३४ ते १९३६ या काळात 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध झाली. आज आपण टिळकांना ओळखतो ते या पुस्तकातून. त्यांचा राग, त्यांची उधळपट्टी, त्यांचे रडणे, त्यांचे मोठेपण, सगळे बायकोच्या हातचे. ज्या बाईला सोडून ते एका नव्या वाटेने गेले तिनेच त्यांना आपल्या हवाली केले. तक्रारीचा सूर मी त्या पुस्तकात पुष्कळ शोधला. हसण्याच्या आड कोठे असेल तर असेल.

माझ्याकडची प्रत आता खिळखिळी झाली आहे. पंढरपूरच्या पानांपाशी खूण म्हणून त्या वाचक बाईंचे कार्ड घातलेले आहे. उत्तर लिहायला घेतले आहे. पण कार्डावरचा पत्ता फार पुसट झाला आहे.