चहाचा पेला आणि संकेश्वर पीठाचा निवाडा

बेळगावहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या वाटसरूस हुक्केरी तालुक्यात हिरण्यकेशीच्या काठी संकेश्वर लागते, आणि तेथून पुढे थोड्याच अंतरावर निपाणी. संकेश्वरचे श्रीशंकरलिंगाचे देवालय व तेथील श्रीशंकराचार्यांचा मठ आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातील एका चहापानाचा वाद या करवीर-संकेश्वर पीठापुढे निवाड्यास आला होता, हे आज थोड्यांच्याच स्मरणात असेल. तो वृत्तांत येथे सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. त्यास शहरातील प्रतिष्ठित मंडळी उपस्थित होती. सार्वजनिक सभेचे धुरीण व सामाजिक परिषदेचे प्रवर्तक महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक, आणि त्या वेळी अवघ्या चोवीस वर्षांचे असलेले गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांत होते. व्याख्यान संपल्यावर मिशनच्या लोकांनी पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेविली. कोणी चहा घेतला, कोणी यजमानांचा मान राखण्यापुरता पेल्यास हात लावून तो खाली ठेविला. सभा पांगली व मंडळी आपापल्या घरी गेली.

प्रकरण तेवढ्यावरच राहते, तर इतिहासात त्याची नोंदही झाली नसती. परंतु या प्रसंगाचे सूत्रधार गोपाळराव जोशी, म्हणजे दिवंगत डॉ. आनंदीबाईंचे यजमान, हे मोठे विक्षिप्त गृहस्थ होते. उपस्थितांची नावे त्यांनी ‘पुणे वैभव’ पत्रात छापवून आणिली आणि शहरात एकच गहजब उडाला. ख्रिस्त्यांच्या हातचे अन्नपाणी हा तत्कालीन आचाराचा उघड भंग होता. सनातनी मंडळींनी चाळीसांहून अधिक जणांविरुद्ध श्रीशंकराचार्यांकडे दाद मागितली, आणि ग्रामण्य सुरू झाले. ज्यांची नावे यादीत होती, त्यांच्या घरी श्राद्धपक्षास व मंगलकार्यास पुरोहित मिळणे दुरापास्त झाले. चहा पुरुषांनी घेतला, परंतु त्याची झळ पोचली ती घरांतील बायकामुलांस.

येथे पीठाने काय केले, ते लक्षात घेण्याजोगे आहे. शहर क्षुब्ध झाले म्हणून पीठाने तडकाफडकी निकाल दिला नाही. चौकशीसाठी दोन शास्त्र्यांचे कमिशन पुण्यास पाठविले. त्यांपैकी एक व्यंकटशास्त्री निपाणीकर होत. कमिशनपुढे आरोपितांस आपले म्हणणे मांडता आले. चहा घेणारा आणि केवळ उपस्थित असणारा यांच्या दोषांत तारतम्य मानिले गेले, व दोषाप्रमाणे प्रायश्चित्त सांगितले गेले. बाहेर कोलाहल चालला असताही ज्याचे त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची ही रीत आम्हांस आजही आदरणीय वाटते.

पुढाऱ्यांचे वर्तन मात्र एकसारखे नव्हते. टिळकांनी धर्मशास्त्राचा आधार घेऊन वाद केला, आणि आपण काशीस प्रायश्चित्त घेतले असल्याचे सांगितले. रानड्यांनी प्रथम प्रायश्चित्त नाकारले; परंतु आपल्यामुळे स्नेह्यांच्या कुटुंबांची कुचंबणा होते, हे पाहून १८९२ साली त्यांनी ते घेतले. त्याबरोबर सुधारक मंडळी खवळली. समाजसुधारणेचा पुरस्कर्ताच असा नमला, तर इतरांनी कोणाच्या तोंडाकडे पाहावे, असा त्यांचा प्रश्न होता. एकाच पेल्यापायी एकाच पुरुषावर दोन्ही पक्षांनी रोष धरावा, असे उदाहरण विरळा. त्या काळच्या मनस्तापाचे वर्णन रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत करून ठेविले आहे.

नियमभंग करणाऱ्या पुढाऱ्यावर लोकांनी रागावावे, हे काही आपल्याकडचेच वैशिष्ट्य नव्हे. कोविडच्या साथीत इंग्लंडमध्ये एकत्र जमण्यास बंदी असता पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या कचेरीत मेजवान्या झाल्या. एप्रिल २०२२ मध्ये खुद्द पंतप्रधानांस दंड झाला, आणि जुलैत त्यांनी पद सोडण्याचे जाहीर केले. परंतु तेथे ज्यांनी नियम केला, त्यांनीच तो मोडिला होता, आणि त्याच नियमापायी सामान्य माणसास आपल्या आप्तांच्या अंत्यसमयीही जवळ बसता आले नव्हते. तो रोष न्याय्यच होता. पुण्यातील पुढाऱ्यांनी लोकांवर बंधन लादून स्वतःची सुटका करून घेतली नव्हती. तेथे खरा प्रश्न होता तो त्या नियमाच्याच योग्यतेचा.

हा प्रश्न आम्हां मंदिराश्रयी लोकांनी टाळू नये. ख्रिस्त्याच्या पेल्यास शिवलेल्या पुढाऱ्यास प्रायश्चित्ताने स्वगृही परतण्याची वाट होती. परंतु ज्यांचा स्पर्शच जन्मतः दोष मानिला गेला, त्यांच्यासाठी कोणते प्रायश्चित्त होते? त्यांनी कोणताही नियम मोडिला नव्हता, आणि त्यांच्यासाठी कोणतेही कमिशन बसले नव्हते. कमिशनातील एका शास्त्र्याच्या आडनावात ज्या निपाणीचे नाव आहे, त्याच निपाणीस १९२५ साली अस्पृश्य समाजाची प्रांतिक परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. पुढे १९४७ साली मुंबई सरकारने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच असल्याने येथील देवालयांसही तो लागू झाला. दरवाजे उघडले खरे, परंतु ते उघडण्यास कायदा करावा लागला, ही गोष्ट आमच्या अभिमानाची नव्हे.

चहाच्या ग्रामण्याकडे आज आपण हसून पाहतो. त्या काळी मात्र त्यापायी अनेक घरांतील कार्ये अडली होती. संकेश्वरच्या पीठाने आरोपितांचे ऐकून घेतले आणि परतीची वाट मोकळी ठेविली, हे त्याचे श्रेय निःसंशय आहे. तीच वाट ज्यांस कधी लाभली नाही, त्यांचे ऋण मात्र आमच्याकडे राहिले आहे. आपल्या देवालयाच्या पंगतीत आज कोण कोणाशेजारी बसतो, हे एकदा डोळे उघडून पाहिले, तर त्या ऋणातील किती फिटले आणि किती बाकी आहे, याचा हिशोब ज्याचा त्यास करिता येईल.