पाण्याचं गणित लपवणारा माणूस

पुलावरून भोवरे पाहताना मला १८५८ साल आठवतं. हेल्महोल्ट्स यांनी तेव्हा दाखवलं, की प्रवाहाच्या वेगाची फोड करता येते: एक भाग घुमण्याचा, दुसरा पसरण्याचा. दोन्ही किती ते कळलं, की वेगाला मर्यादा घालता येते. १९३४ मध्ये फ्रेंच गणिती ज्याँ लरे यांनी अशाच मर्यादांच्या आधारे सिद्ध केलं, की चिकट द्रवाच्या समीकरणांना उत्तर असतं. ते नेहमी सुरळीत राहतं का, हे अजून कुणालाच सांगता आलेलं नाही.

१९४० मध्ये लरे जर्मनांच्या कैदेत सापडले. आपली विद्या शत्रूच्या युद्धकामाला जुंपली जाईल, या धास्तीनं त्यांनी ती लपवली. ऑस्ट्रियातल्या छावणीत १९४५ पर्यंत ते टोपोलॉजीच करत राहिले. आपण तेवढंच जाणतो, असं भासवत!