‘ला रासा’ : एका स्मरणदिनाचे अर्थांतर

१२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस कॅरिबियन बेटावर उतरला. मेक्सिकोत १९२८ पासून हा दिवस ‘दीआ दे ला रासा’ या नावाने अधिकृतपणे पाळला जाऊ लागला. ‘वंश’ हा प्रतिशब्द येथे अपुरा पडतो. होसे वास्कोन्सेलोस यांनी ‘ला रासा कोस्मिका’ (१९२५) या ग्रंथात संकरातून घडणाऱ्या नव्या मानवसमूहाची कल्पना मांडली होती. क्रांत्युत्तर राष्ट्रवादाला ती पोषक ठरली. मात्र संकराच्या या गौरवात मूलनिवासींना स्थान होते ते मिश्र राष्ट्रात विलीन होणारा भूतकाळ म्हणूनच. १९९२ साली, पाचशेव्या स्मरणदिनी, सान क्रिस्तोबाल दे लास कासास येथे आदिवासी मोर्चेकऱ्यांनी स्पॅनिश विजेता दिएगो दे मासारिएगोस याचा पुतळा पाडला आणि त्याच तारखेला प्रतिकाराचा अर्थ दिला. २०२० मध्ये मेक्सिको शहराच्या हमरस्त्यावरील कोलंबसाचा पुतळा हलवला गेला. त्याच वर्षी या दिवसाचे नाव ‘बहुसांस्कृतिक राष्ट्र दिन’ असे झाले. पूर्वी एकत्वाचा उद्घोष करणारी राज्यसंस्था आता वैविध्याचा करते. नामकरणाचा अधिकार मात्र तिच्याकडेच राहतो. या दिनाच्या अर्थनिर्णयनातील खरा संघर्ष त्या अधिकाराविषयीचाच आहे.