केडगावचा कारभार

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन विकत घेतली, ती मुळात फळबागेसाठी. १८८९ साली मुंबईत निघालेले व पुढल्याच वर्षी पुण्यास आलेले बाईंचे शारदासदन हे विधवांसाठीचे विद्यालय बोस्टन येथील रमाबाई असोसिएशनच्या वर्गणीवर चालत असे. त्या मंडळींची हमी दहाच वर्षांची असल्यामुळे मुदत सरल्यावर बागेच्या उत्पन्नातून संस्थेचा खर्च भागावा, अशी बाईंची तजवीज होती.

१८९६-९७ च्या दुष्काळाने हा हिशेब पार बदलून टाकला. ज्यांनी ऐन तारुण्यात दुष्काळातच आईवडील व बहीण गमावली होती, त्या बाई मध्यप्रांतात स्वतः गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन परतल्या. परंतु पुण्यात प्लेगचे निर्बंध जारी झालेले असल्यामुळे इतक्या जणींना शहरात ठेवणे अशक्य झाले, आणि बागेच्या जागी मुक्तिसदन उभे राहिले. पुढे १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळपीडित मुलीही आल्या, तेव्हा आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

भुकेल्यास अन्न व उघड्यास वस्त्र द्यावे, ही ख्रिस्ताची शिकवण प्रवचनात सांगणे सोपे. दोन हजार माणसांच्या बाबतीत तिचे रूपांतर विहिरी, कोठार, हजेरी आणि जमाखर्च यांत करावे लागते. बाईंनी ते केले. शेती, दुभती जनावरे, हातमाग, तेलाचा घाणा अशी कामे मुलींच्याच हाती सोपविली. बाईंची कन्या मनोरमाबाई यांनी अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली. पतित म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. दया घेणारीच्या अंगी स्वतःचे पोट भरण्याचे आणि दुसरीला शिकविण्याचे सामर्थ्य यावे, हा त्या साऱ्या व्यवस्थेमागील रोख होता.

या कार्याबद्दल आक्षेप घेतले गेले नाहीत असे नाही. मुलींचा ख्रिस्ती धर्माकडे ओढा होऊ लागला म्हणून १८९३ साली शारदासदनाच्या सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर बाहेर पडले होते, आणि मुक्तिसदन तर उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. आश्रय आणि उपदेश एकाच छपराखाली असले म्हणजे आश्रिताची निवड कितपत मोकळी राहते, हा प्रश्न रास्तच आहे. मात्र तो विचारणाऱ्या समाजाने त्याच मुलींना दुसरे कोणते दार उघडे ठेवले होते, हेही त्याच न्यायाने विचारले पाहिजे.

आयुष्याच्या उत्तरार्धात बाईंनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले. आश्रमाच्या छापखान्यात खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतची कामे तेथील स्त्रियाच करीत. दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या मुलींनी लाकडी खान्यांतून एकेक खिळा उचलून ओळ बसवावी, काना-मात्रा तपासावी, आणि ज्या ग्रंथाच्या आधारे आपल्याला घर मिळाले तो ग्रंथ आपल्याच हातांनी सिद्ध करावा, याहून सुवार्तेचे अधिक चोख आचरण दाखविणे कठीण आहे. १९२२ च्या एप्रिलमध्ये बाई निवर्तल्या. समग्र बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. बाईंची विद्वत्ता त्या ग्रंथात उतरली, हे तर खरेच. परंतु ती पाने छापणाऱ्या बाया शिकून, कमावत्या होऊन तेथे उभ्या होत्या, यात बाईंच्या धर्मनिष्ठेचा मोठा पुरावा आहे.