लर्निंग लायसन्सवर पोरगा मुंबईत कुठली गाडी चालवू शकतो?

बारावी झाली की आपल्याकडची पोरं मुंबईला जातात. कुणी लालबागला काकाकडे, कुणी गिरगावात मामाकडे, कुणी परळ-दादरला गाववाल्यांच्या खोलीवर. महिन्याभरात फोन येतो, "बाबा, गाडी घ्यायचीय." मग इकडे चर्चा सुरू होते, की शिकाऊ पोराला किती सीसीची गाडी चालते? जास्त ताकदीची घेतली तर पोलीस धरतील का?

वय १८ पूर्ण असेल तर आपल्या कायद्यात शिकाऊ माणसासाठी ताकदीची मर्यादाच नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा लायसन्ससाठी मोटरसायकलचे दोनच भाग करतो, बिनगिअरची आणि गिअरची. गिअरचं लर्निंग काढलं की १०० सीसीची स्प्लेंडर चालवा नाहीतर ६५० सीसीची एन्फिल्ड, कागद एकच.

बाहेरच्या देशांत असं नाही. तिथे गाडीची ताकद भागिले वजन असा हिशोब असतो. इंग्लंडात शिकाऊ माणसाला १२५ सीसीपर्यंत आणि ११ किलोवॅटपर्यंतचीच गाडी मिळते, आणि दर किलो वजनामागे ०.१ किलोवॅटच्या वर ताकद चालत नाही. ऑस्ट्रेलियात ६६० सीसीपर्यंत सूट आहे, पण एका टनामागे १५० किलोवॅटची अट आहे आणि वजनात चालवणाऱ्याचे ९० किलो धरतात. आपली स्प्लेंडर साधारण ६ किलोवॅट आणि ११२ किलो, म्हणजे किलोमागे ०.०५ च्या आसपास. इंग्लंडात ती शिकाऊ पोराला आरामात चालली असती. ३९० ड्यूक ३२ किलोवॅटची, ती अजिबात चालली नसती. गंमत म्हणजे युरोपातल्या याच नियमात बसणारी १२५ ड्यूक आपल्या चाकणच्या कारखान्यात बनून तिकडे गेली. नियम तिकडचा, गाडी इकडची, आणि इकडे मात्र पहिलीच गाडी म्हणून पोरं ३९० मागतात. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष १२५ च्या वर जाऊ नये.

१६ ते १८ वयाच्या पोरांसाठी मात्र मर्यादा आहे. पालकांच्या लेखी संमतीने बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स मिळतं, पण गाडी ५० सीसीच्या आतली हवी. हा नियम लूनाच्या काळात ठीक होता. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ साली लूना आणली ती ५० सीसीचीच. आज अॅक्टिव्हा ११० सीसीची आणि टीव्हीएसची एक्सएल सुद्धा १०० सीसीची. म्हणजे ते लायसन्स असलं तरी अकरावीच्या पोराला अॅक्टिव्हा चालत नाही. पोरगं तसं सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि पोराला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. गावात "जा रे, दुकानातून घेऊन ये" म्हणून चावी देणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

बॅटरीच्या गाडीचं वेगळं आहे. मोटर २५० वॅटच्या आतली, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, असं सरकारमान्य तपासणी संस्थेने प्रमाणित केलेलं असेल तर ती मोटार वाहनच धरत नाहीत. लायसन्स नको, नंबर नको. आपल्याकडे ताकद आणि वजन दोन्ही बघणारा नियम आहे तो हा. विकत घेताना दुकानदाराच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका, प्रमाणपत्र मागा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लर्निंगवर एकट्याने गाडी चालवता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ३ सांगतो की सोबत पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा हवा, आणि तो गाडी आवरू शकेल असा बसलेला हवा. (मोटरसायकलवर मागे बसून ब्रेक कसा मारायचा ते नियम करणाऱ्यांनाच ठाऊक.) मित्राला, बहिणीला मागे बसवता येत नाही. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा.

हे कुणी पाळत नाही, मान्य. माझा पुतण्याही लर्निंगवर एकटाच हिंदमाताजवळ पावसात घसरला. समोर माणूस नव्हता म्हणून निभावलं. असता तर? विम्याच्या पॉलिसीत लिहिलेलं असतं की लर्निंगवाला चालेल, पण नियम ३ पाळलेला असला तरच. तो मोडला की विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं, आणि भरपाई शेवटी घराच्या, जमिनीच्या जिवावर येते. वाचून बघा, छापील कागदावर आहे.

लर्निंग ६ महिने चालतं, सगळ्या भारतात. ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची परीक्षा देता येत नाही. राज्यात २०२१ पासून आधार कार्डावर घरबसल्या ऑनलाइन लर्निंग निघतं, त्यासाठी एजंट लागत नाही. दक्षिण-मध्य मुंबईचं आरटीओ ताडदेवला आहे, एमएच-०१ तिथलंच. परीक्षा गिअरच्या गाडीवरच द्या, बिनगिअरची दिली तर पुढे मोटरसायकल चालवता येणार नाही.

आणि लालबागहून सीएसएमटीला जाताना जेजे पुलावर चढू नका, दुचाकीला बंदी आहे. ईस्टर्न फ्रीवे, वरळी सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, तिथेही तेच. मॅप सरळ रस्ता दाखवतो म्हणून पोरं फसतात. मॅपमध्ये आधी दुचाकीचं चिन्ह निवडा. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, मुंबईत २०२२ पासून त्याची कारवाई सुरू आहे.